मधल्या वर्षांचा हिशोब कोण देणार?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुंबईचे जोडीजोडीने फोटो आले होते, डावीकडे जुनी मुंबई आणि उजवीकडे आताची. डावीकडे गिरणीची चिमणी, उजवीकडे काचेचा टॉवर. डावीकडे ट्राम, उजवीकडे भुयारी मेट्रो. फोटो एक नंबर, आमच्या घरी सगळ्यांनी बघितले, मुलीने मोबाईलवर काढून चाळीच्या ग्रुपवर पण टाकले. फक्त मला एक सांगायचंय. त्या दोन फोटोंच्या मधे तुम्ही जी पांढरी रेघ सोडलीय ना, त्या रेघेत मी अकरा वर्षं राहतोय.

आमची चाळ लालबागला, गल्लीत आत. बांधलेली १९४० च्या आधीची, म्हणजे सरकारी भाषेत 'अ' वर्गातली उपकरप्राप्त इमारत, दुरुस्तीसाठी जिच्यावर जादा कर लागतो ती. चौसष्ट खोल्या, तीन मजले, लाकडी जिना आणि जिन्याची तिसरी पायरी गायब, ती नाहीये हे नवीन माणसाला पडल्यावरच कळायचं. १८० फुटांची खोली, त्यात आम्ही सात माणसं. आता एक आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढे कोणी मला 'विकासविरोधी' म्हणायला नको. चाळ पाडू नका असं मी कधीच म्हटलं नाही. चाळ संस्कृती, चाळ संस्कृती म्हणून जे गळा काढतात ते बहुतेक पार्ल्याला नाहीतर ठाण्याला जाऊन तीस वर्षं झालेले असतात. पहाटे साडेचारला पाण्यासाठी उठणं, मजल्यावरच्या संडासाला डबा घेऊन रांग, पावसाळ्यात वरच्या मजल्याची मोरी आमच्या कपाटावर गळायची, आणि माझ्या मोठ्या बहिणीचे गुडघे गेल्यावर तिला रात्री-अपरात्री उठून पॅसेजच्या त्या टोकापर्यंत जायची जी शरम वाटायची, त्याला संस्कृती म्हणायचं असेल तर म्हणा बापडे. गणपतीचे अकरा दिवस मजा होती हे खरं, पण वर्षाचे बाकीचे साडेतीनशे दिवस पण असतात.

त्यामुळे २०११ साली बिल्डर आला तेव्हा मिटिंगला सगळ्यात पुढे मीच बसलो होतो. नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण मधे त्याने कंपनीचं नाव दोनदा बदललं. प्रोजेक्टरवर टॉवर दाखवला, लॉबीत संगमरवर, वर बाग, तीन लिफ्ट. आमच्यातल्या एका आजींनी विचारलं की पापड वाळत कुठे घालायचे, सगळे हसले. आता वाटतं तोच एक कामाचा प्रश्न होता. अॅग्रीमेंट झालं, छत्तीस महिने, त्यातले पहिले अकरा महिन्यांचे भाड्याचे चेक हातात, बाकीचे दरवर्षी. २०१४ च्या दिवाळीनंतर आम्ही खोल्या रिकाम्या केल्या. निघताना वडिलांनी दाराची कडी स्क्रू काढून बरोबर घेतली, म्हणाले नवीन घराला लावू. ती कडी अजून डब्यात आहे.

पुढचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही पेपरवाले, रोज छापता. चाळ पाडली, खड्डा खणला, खड्ड्यात दोन पावसाळे पाणी साचलं, डास झाले म्हणून आजूबाजूच्या चाळींनी आम्हालाच शिव्या घातल्या. मग विकायच्या टॉवरचं काम जोरात सुरू आणि आमच्या पुनर्वसनाच्या बिल्डिंगचं सातव्या मजल्यावर थांबलं. २०१८ पासून भाडं बंद. आधी चेक उशिरा यायला लागले, मग बाउन्स व्हायला लागले, मग यायचेच बंद झाले. आधी आम्ही काळाचौकीला भाड्याने होतो, मुलीची शाळा तिथलीच म्हणून. बिल्डरचं भाडं थांबल्यावर ते परवडेना, आधी कळव्याला आलो आणि आता डोंबिवली. माझी नोकरी प्रभादेवीला एका छापखान्यात, डीटीपी करतो. सकाळी सात वीसची लोकल, घरी यायला रात्रीचे नऊ. तक्रार नाही, लाखो लोक करतात. पण त्यांना कोणी छत्तीस महिने असं सांगितलं नव्हतं.

आमच्या चाळीचे जुने सेक्रेटरी आहेत, वय पंच्याहत्तरच्या पुढे, ते सध्या बदलापूरला मुलाकडे असतात. त्यांच्याकडे एक वही आहे. त्यात चौसष्ट खोल्यांची यादी, कोण आता कुठे राहतं, फोन नंबर, आणि शेवटच्या कॉलममधे जो माणूस गेला त्याची तारीख. गेल्या वेळी मी बघितली तेव्हा त्या कॉलममधे तेवीस तारखा होत्या. त्यात एक माझ्या वडिलांची, २०१९. ते कुठल्या आजाराने गेले ते इथे लिहायची गरज नाही, म्हातारे होते. पण हा माणूस गिरणीतला साचेवाला, म्हणजे मागावरचा कामगार, १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर कधीच घेतला गेला नाही, आयुष्यभर जी एक गोष्ट होती ती म्हणजे ती १८० फुटांची खोली, आणि तीही शेवटी कागदावर राहिली.

आणि माणूस गेला की नुसतं दुःख नसतं साहेब, कागद सुरू होतात. वारस दाखला, बहिणींच्या सह्या, नॉनज्युडिशियल स्टॅम्प पेपर, नोटरी. चाळीत एका खोलीत तीन भाऊ सुखाने राहत होते कारण तिथे वाटणी करण्यासारखं काही नव्हतंच, आता कागदावर दीड-दोन कोटींचा फ्लॅट आहे जो अजून हवेत आहे आणि त्या हवेतल्या फ्लॅटवरून तीन भाऊ कोर्टात आहेत. अशी आमच्यातच पाच घरं आहेत. मधली वर्षं नुसती जात नाहीत, जाता जाता घर फोडून जातात.

कायद्याचं म्हणाल तर वकिलाकडे जाऊन आलो. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण, २०१७ पासून आहे, चांगलं आहे, पण वकील म्हणाले तो मुख्यत्वे विकत घेणाऱ्या गिऱ्हाईकासाठी, तुम्ही जुने भाडेकरू, तुम्ही खरेदीदार नाही, तुमची केस तिथे उभी राहणं कठीण. म्हणजे आमच्याच जमिनीवर बाजूच्या टॉवरमधे जो फ्लॅट बुक करेल त्याला तारीख मागायचा हक्क, आणि ज्याची चाळ पाडली त्याने बिल्डरच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर बसायचं. मग २०२२ च्या शेवटी म्हाडा, म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्था, तिच्या कायद्यातल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, अर्धवट पडलेले असे प्रकल्प म्हाडा आपल्या ताब्यात घेऊ शकते अशी त्यात सोय आहे. त्या दिवशी ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. आमचा अर्ज गेलाय, नंबर आहे, पोच आहे. मुंबईत १९६९ साली मोजदाद झाली तेव्हा अशा १९,६४२ उपकरप्राप्त इमारती होत्या, आता कमी झाल्यात पण अजून हजारोंनी आहेत, त्यामुळे आमचा एकट्याचाच अर्ज टेबलावर आहे असं समजायचा वेडेपणा मी करत नाही.

पण हे पत्र मी फक्त आमच्या चाळीचं रडगाणं गायला लिहीत नाहीये. मला सारखं असं वाटायला लागलंय की अख्ख्या शहराचं हेच चाललंय. काय होतं ते दाखवतात, काय होणार ते दाखवतात, मधे जे जगायचं असतं त्याचा प्लॅन कोणीच काढत नाही.

आता आमचा एल्फिन्स्टनचा पूल घ्या, हो हो प्रभादेवीचा, तोंडात अजून जुनंच नाव येतं. १२ सप्टेंबर २०२५ ला तो बंद केला. शंभरी ओलांडलेला पूल, कधीतरी पाडायलाच लागणार होता, आणि तिथे आता दोन मजली पूल येणार, खालून आपली इकडची-तिकडची वाहतूक आणि वरून शिवडी-वरळीचा साडेचार किलोमीटरचा जोडरस्ता, म्हणजे वरळीचा माणूस थेट अटल सेतूवर. अटल सेतू जानेवारी २०२४ लाच सुरू झाला, २१.८ किलोमीटर, समुद्रावरून, मी एकदा मेव्हण्याच्या गाडीतून गेलोय, खरंच भारी वाटतं, खोटं का बोलू. पण माझी बहीण प्रभादेवीच्या बाजूला राहते आणि केईएम, टाटा, वाडिया सगळी हॉस्पिटलं रुळांच्या पलीकडे परळला. आधी टॅक्सीने दहा मिनिटं. आता एकतर वर दादरच्या टिळक पुलावरून नाहीतर खाली करी रोड नाहीतर डिलाईल रोडवरून वळसा, आणि सगळ्या गाड्या त्याच तीन पुलांवर आल्याने संध्याकाळी किती वेळ लागेल ते टॅक्सीवालाही सांगत नाही, मीटर टाकायच्या आधीच तो नाही म्हणतो. मागच्या महिन्यात तिला दाखवायला न्यायचं होतं, शेवटी ती म्हणाली चल, पादचारी पुलावरून चालत जाऊ. गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेली बाई जिने चढून गेली. वर पोचल्यावर कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, हा पूल मिल्ट्रीवाल्यांनी बांधला ना रे?

हो, तोच. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी जुन्या पादचारी पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली, तेवीस माणसं गेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, फुलं घेऊन निघालेली माणसं होती त्यात. मी त्या जिन्यावरून रोज जायचो, त्या दिवशी अर्ध्या तासाने मागे होतो. तोपर्यंत नवीन पुलाच्या मागण्या, अर्ज, फायली सगळं चालूच होतं. नंतर सैन्याला सांगितलं आणि ऑक्टोबर अखेरीस घोषणा झालेला पूल २७ फेब्रुवारी २०१८ ला लोकांसाठी खुला. चार महिने! रेल्वेचे रूळ तेच, गर्दी तीच, जागा तीच.

आता त्याच्या शेजारचाच डिलाईल रोडचा पूल बघा. जुलै २०१८ मधे अंधेरीच्या गोखले पुलाचा एक भाग कोसळला, मग सगळ्या पुलांची तपासणी झाली आणि त्याच महिन्यात हा धोकादायक म्हणून बंद. पूर्ण उघडला नोव्हेंबर २०२३ ला. पाच वर्षं. रुळांवरचा भाग रेल्वेने करायचा, दोन्ही बाजूचे उतार महापालिकेने करायचे, आणि दोघांच्या मधे आम्ही. लोअर परळ स्टेशनबाहेर त्या पाच वर्षांत किती दुकानं बसली, किती वडापावच्या गाड्या उठल्या त्याची कुठे नोंद नाही. आणि गंमत ऐका, शेवटी पूल तयार झाला तरी उद्घाटनासाठी थांबलेला, तेव्हा काही पुढाऱ्यांनी रात्री जाऊन तो परस्पर उघडला म्हणून त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. पाच वर्षं बंद ठेवल्याबद्दल कोणावर काही दाखल झाल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही. अंधेरीला तर नवीन गोखले पूल अर्धा बांधून झाल्यावर कळलं की शेजारच्या बर्फीवाला पुलाला तो जुळतच नाही, मधे माणूसभर उंचीचा फरक. व्हॉट्सअॅपवर लोक पोट धरून हसले, मी पण हसलो, पण मनात म्हटलं आपली बिल्डिंग असल्याच लोकांकडून पास व्हायचीय.

मी इंजिनिअर नाही. रेल्वेचं काम रात्री ब्लॉक घेऊनच होतं, खाली गाड्या चालू असतात, जमिनीखाली कोणाची केबल कोणाची पाइपलाइन निघते, हे सगळं कळतं मला. उशीर होणारच. माझं म्हणणं वेगळं आहे. उशीर होणार हे जर सगळ्यांना माहीत असतं तर उशिरात लोक जगणार कसे याची सोय पहिल्या दिवशी का नको? पूल बंद करायच्या आधी त्या भागात बसची फेरी वाढवली, हॉस्पिटलसाठी छोट्या गाड्या सोडल्या, पादचारी पुलाला आधी लिफ्ट लावली, आणि मग पत्रे ठोकले, असं उलट क्रमाने करायला कोणी अडवलंय?

आणि इथे माझा सगळ्यात मोठा राग आहे तो बेस्टवरून. बेस्टवर नाही, बेस्टचं जे केलंय त्यावर. अहो मेट्रोला दहा वर्षं लागतात, पुलाला पाच, बस उद्या सकाळी सुरू करता येते. रस्ता खणायला लागत नाही, भूमिपूजन लागत नाही. मधल्या वर्षांसाठी देवाने दिलेली गोष्ट म्हणजे बस. आणि नेमकी शहर सगळीकडून खणलेलं असताना आपण बसच कमी करत गेलो. दहा-बारा वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर गाड्या होत्या, आता तीन हजारांच्या आत आल्यात, त्यातही बेस्टच्या स्वतःच्या थोड्याच, बाकी कंत्राटदाराच्या. जुलै २०१९ मधे भाडं पाच रुपयांवर आणलं तेव्हा बसला माणसं परत आली होती, मे २०२५ पासून कमीत कमी दहा. दहा रुपयेही देऊ हो, पण गाडी यायला पाहिजे ना. लालबागला भारतमाताच्या स्टॉपवर उभं राहून बघा, अॅपवर बस पाच मिनिटांत येतेय असं दाखवतं आणि मग ती अॅपमधूनच नाहीशी होते. जुनी डिझेलवरची डबलडेकर २०२३ च्या सप्टेंबरात शेवटची धावली तेव्हा तिला हार घातले, सेल्फी काढले, तुमच्याच पेपरात अर्धं पान आलं होतं. हार घालण्यात आपला हात कोण धरणार.

आता चांगलं काय झालं ते पण लिहितो, नाहीतर एकतर्फी वाटेल, आणि खोटंही होईल. माझ्या मुलीला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, नोकरी लागली, अकाउंट्समधे. ती आठवड्यातले तीन दिवस आत्याकडे राहते, तेव्हा सिद्धिविनायकला भुयारी मेट्रोत बसते आणि थंडगार गाडीतून जाते, केसांचा अंबाडा सुटत नाही, ओढणी अडकत नाही, कोणाचा कोपर लागत नाही. माझ्या बायकोने वीस वर्षं लोकलचा लेडीज डबा बघितला, ती पहिल्यांदा लेकीबरोबर त्या मेट्रोत बसली तेव्हा उतरायचं स्टेशन आलं तरी उठेना, म्हणाली अजून एक फेरी मारू. आरे ते कफ परेड साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्टेशनं, ऑक्टोबर २०२५ मधे पूर्ण सुरू झाली. त्याच्या आधी मे महिन्यात आचार्य अत्रे चौक स्टेशन सुरू होऊन पंधरा-सोळा दिवस झाले आणि पहिल्याच मोठ्या पावसात आत पाणी घुसलं, तेव्हा सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. पण माझ्या लेकीच्या पिढीला हे शहर थोडं माणसासारखं वागवेल असं जे मला वाटतं ना, ते या मेट्रोमुळेच वाटतं. तिच्या ऑफिसातल्या मुली रात्री साडेनऊला बिनधास्त एकट्या परत येतात. ही साधी गोष्ट नाही.

बीडीडी चाळींचं पण मान्य करायला पाहिजे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग मिळून १९५ चाळी, इंग्रजांच्या काळातल्या, १६० फुटांच्या खोल्या, त्याच्या जागी ५०० फुटांचं घर, तिथल्या तिथे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या दिल्या. माझा एक शाळेतला मित्र त्यात आहे, त्याच्याकडे जाऊन आलो. त्याची आई ऐंशीच्या पुढे, ती प्रत्येक पाहुण्याला आधी बाथरूम दाखवते, हॉल नंतर. भूमिपूजन २०१७ ला झालेलं, नंतर २०२१ ला पुन्हा एकदा झालं, सरकार बदललं की नारळ नवीन, तरी शेवटी चावी मिळाली. का मिळाली? माझ्या मते एकच कारण, तिथे मधे सरकार उभं होतं, लोकांना संक्रमण शिबिर, म्हणजे ट्रान्झिट कॅम्प, नाहीतर भाडं यातलं काहीतरी नक्की होतं, बिल्डर पळाला असं होणार नव्हतं. तिकडे भेंडीबाजारातही साडेसोळा एकरांवर अडीचशेच्या आसपास जुन्या इमारतींचं काम एका ट्रस्टने हाती घेतलंय, त्यांनी लोकांना हलवायला आधी तात्पुरती घरं आणि दुकानदारांना तात्पुरते गाळे तयार केले, मग हातोडा मारला. तिथेही सगळं गोडीगुलाबीत झालं असं नाही, पण क्रम तरी सरळ होता.

मित्राकडे फक्त एक गोष्ट खटकली, ते लोक आता मेंटेनन्सचं कसं होणार या विचारात आहेत. चाळीत भाडं म्हणजे चहा-बिस्किटाचे पैसे, टॉवरमधे लिफ्ट, पंप, वॉचमन, फायरची यंत्रणा. पण तो विषय वेगळा आणि मोठा आहे, आणि खरं सांगायचं तर आमच्याकडे अजून लिफ्टच नाही तर लिफ्टच्या बिलाची काळजी आत्तापासून कशाला.

मधली वर्षं लांबली की अजून एक होतं, ते मला वडिलांमुळे माहीत. नियम बदलतात. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर. संप कधी अधिकृत संपलाच नाही, नुसता विरत गेला. गिरण्यांची जवळपास सहाशे एकर जमीन पडून. १९९१ ला नियम आला, कलम ५८, की जमीन विकसित करायची तर साधारण एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, उरलेली मालकाला. ऐकायला किती छान. वडील सांगायचे तेव्हा परळमधे लोक बोलत होते की आता मैदानं होणार, आपल्याला घरं मिळणार. दहा वर्षं काही झालं नाही. आणि २००१ ला तोच नियम बदलला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, गिरणीच्या शेडखालच्या जमिनीची नाही. वाक्यात दोन-चार शब्द इकडचे तिकडे आणि मैदानं गेली. २००६ ला सुप्रीम कोर्टातही तेच कायम राहिलं. आता तिथे मॉल आहेत, पब आहेत, ऑफिसं आहेत, तिथेही आमच्याच पोरांना नोकऱ्या लागतात हे मी नाकारत नाही. पण दीड लाखावर गिरणी कामगारांचे आणि वारसांचे घरासाठी अर्ज, घरं मिळाली त्याच्या एका छोट्या हिश्शाला, आणि उरलेल्यांना तिकडे बदलापूरच्या पुढे शेलू-वांगणीला जा म्हणतात. म्हणून जुलै २०२५ मधे ऐंशी-ऐंशी वर्षांची माणसं पावसात आझाद मैदानावर आली होती. वडील असते तर गेले असते, मी रजा नाही म्हणून गेलो नाही, ते मनाला लागून आहे.

मग आमच्या चाळीचं पण असंच होणार नाही कशावरून? अॅग्रीमेंटमधे जे फूट लिहिलेत, जे पार्किंग लिहिलंय, ते नवीन नियमात, नवीन बिल्डर आला की राहील? जेवढा उशीर तेवढी त्यांना बदलायला जागा. आम्हाला मात्र उशिरात काहीच बदलता येत नाही, फक्त वहीतल्या शेवटच्या कॉलममधे तारीख वाढते.

आणि हे विचारायचं कोणाला? मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली, पुढची जवळपास चार वर्षं या शहराला नगरसेवकच नव्हता. एवढे पूल, एवढे रस्त्यांचं काँक्रिटीकरण, एवढं सगळं त्या काळात झालं, आणि गल्लीतल्या माणसाने दार ठोठवायचं तर दारच नाही. महापालिकासुद्धा बिचारी ट्रान्झिट कॅम्पातच होती म्हणायची.

तुमच्याकडे आणि जे कोणी वाचत असतील त्यांच्याकडे माझं मागणं फार नाही. पुनर्विकासात खोल्या रिकाम्या करायच्या आधी छत्तीस महिन्यांचं भाडं बिल्डरने एकरकमी वेगळ्या खात्यात टाकलं पाहिजे, ज्याला त्याचा हात लागणार नाही, आणि ते नसेल तर चाळीतली एकही कौल काढायची परवानगी देऊ नका. आमच्या वेळी एवढं असतं तर माझी मुलगी कळव्याहून काळाचौकीच्या शाळेत तीन वर्षं गाडीला लटकून गेली नसती. पुलाचं, रस्त्याचं काम असेल तर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' हा बोर्ड काढून टाका, क्षमा आम्ही केलेलीच आहे, त्या जागी काम कधी सुरू, कधी संपणार, उशीर झाला तर दिवसाला कोण किती भरणार आणि तोपर्यंत इथून कुठली बस मिळेल एवढं लिहा. आमच्या प्लॉटच्या पत्र्यावर पूर्ण होण्याची तारीख होती, डिसेंबर २०१७. मग कोणीतरी सातचा नऊ केला. मग त्याच्यावर पोस्टर लागली वाढदिवसाच्या शुभेच्छांची, आणि आता पत्राच गंजून तिथून वाकलाय.

आणि तुम्हाला एक विनंती, पेपर म्हणून. उद्घाटनाला तुमचे फोटोग्राफर येतात, दुर्घटनेला येतात. अधेमधे, काही झालेलं नसताना, एकदा या. दर महिन्याला एका बंद पुलाची, एका अर्धवट बिल्डिंगची नुसती दोन ओळींची नोंद छापा, की या महिन्यात इथे काय झालं. काही झालं नसेल तर तेही छापा. सेक्रेटरी काका त्यांची वही द्यायला तयार आहेत, मी विचारून ठेवलंय.

शेवटी एक अडचण आहे. तुमच्या नियमाप्रमाणे पत्राखाली पूर्ण पत्ता लागतो. माझ्या आधारवर, रेशनकार्डावर, मतदार यादीत लालबागचा पत्ता आहे, पण ती इमारत नाही, पोस्टमन तिथे गेला तर पत्र्याच्या फटीतून सातव्या मजल्यावर थांबलेला सांगाडा दिसेल. डोंबिवलीचं घर भाड्याचं, अकरा महिन्यांचं, मालकाने आत्ताच सांगितलंय की मे मधे रिकामं करा, म्हणजे तुम्ही उत्तर पाठवलंत आणि उशीर झाला तर तिथेही मी नसेन. म्हणून दोन्ही पत्ते पाकिटावर मागे लिहिलेत. छापणार असाल तर लालबागचाच छापा.

आपला,
खोली नं. ४१, दुसरा मजला
(सध्या मुक्काम डोंबिवली)